विंचवाचं बिऱ्हाड आणि अल्बमातला एक रिकामा खण

गोठलेला_गोंद्या

नमस्कार मंडळी,

छंद विभागात नाणी, काडेपेट्या, फाउंटन पेनं यांचे धागे गेली कित्येक वर्षं फुकट वाचतोय. आज माझं वेड मांडतो. आधीच सांगून ठेवतो, ही बर्फावरची हॉकी आहे. धनराज पिल्लेच्या आशेने आला असाल तर माफी.

मी एका गोलीच्या सह्यांची कार्डं (खेळाडूचा फोटो छापलेली, पत्त्यांसारखी) जमवतो. एकाच. गोली म्हणजे गोलरक्षक, इकडे कॅनडात लहान पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे तसंच म्हणतात. नाव रॉन टगनट. ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या पक्क्या टोरोंटोकर शेजाऱ्यालाही दोन मिनिटं डोकं खाजवावं लागलं होतं.

१९८६ साली क्युबेक नॉर्डिक्सने ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) उचलला, २००४ ला खेळणं थांबलं. मधल्या काळात क्युबेक, एडमंटन, अ‍ॅनाहाइम, मॉन्ट्रियल, ऑटावा, पिट्सबर्ग, कोलंबस, डॅलस. आठ जर्सी. शिवाय १९९५-९६ चा अख्खा मोसम खालच्या लीगमध्ये, पोर्टलंडला. एनएचएलचे (इकडच्या सगळ्यात वरच्या लीगचे) एकूण सामने ५३७, विजय १८६. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं याचं पॅड आणि मास्कचं बिऱ्हाड.

बरं, नशीब कसं बघा. एडमंटनने पाचवा स्टॅनली कप (लीगच्या विजेत्याचा करंडक) १९९० ला जिंकला, हा तिथे पोचला मार्च १९९२ मध्ये. मॉन्ट्रियलने १९९३ ला जिंकला, हा आला १९९४ ला. पिट्सबर्गचे कप १९९१ आणि १९९२ चे, हा २००० ला. डॅलसचा १९९९ चा, हा २००२ ला. ज्या क्युबेकसाठी ऐन उमेदीची वर्षं घातली तो संघ १९९५ ला गाशा गुंडाळून डेन्व्हरला गेला आणि तिथे पहिल्याच मोसमात कप घेऊन बसला. पंगत उठल्यावर दारात उभा राहणारा पाहुणा असतो, तसा हा माणूस. स्वतःचा कप शून्य.

मग हाच का?

मी १९९९ च्या हिवाळ्यात टोरोंटोतल्या स्कारबरोला आलो. बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, पहाटे सहाची गोदामातली शिफ्ट. हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरमालकाने जुना टीव्ही खाली ठेवला होता आणि रात्री एकट्याने जेवताना माणसांचा आवाज हवा असायचा. ४ मे २०००, पिट्सबर्ग विरुद्ध फिलाडेल्फिया, प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी. १-१ अशी बरोबरी. ओव्हरटाइम. प्लेऑफमध्ये गोल होईपर्यंत थांबत नाहीत, वीस-वीस मिनिटांचे डाव होत राहतात, हे मला त्या रात्री कळलं. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पिट्सबर्गचा गोली गुडघ्यांवर पडतोय, उठतोय, परत पडतोय. चौथ्याच्या मध्यावर मी झोपलो. सकाळी बसमध्ये कोणाच्या तरी पेपरात वाचलं: पाचव्या ओव्हरटाइममध्ये कीथ प्रिमोने गोल केला, रात्रीचे अडीच वाजून गेले होते, फिलाडेल्फिया २-१. टगनटने ७२ पैकी ७० शॉट अडवले आणि हरला.

पुढे काही महिन्यांनी रस्त्यावरच्या एका गराज सेलमध्ये कार्डांचा खोका दिसला. वरच टगनट, क्युबेकच्या निळ्या जर्सीत. उलटं केलं. ओ-पी-ची कंपनीचं कार्ड, पाठीमागे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही, आणि जन्मगाव: स्कारबरो, ऑन्टारियो. म्हणजे आपल्याच गल्लीतला निघाला की! पंचवीस सेंट दिले. सही नंतर झाली, पण सुरुवात ती.

आता प्रश्न. माझ्या बाइंडरमध्ये एका पानावर नऊ खण असतात. आठ जर्सी आणि मधल्या खणात ते गराज सेलवालं बिनसहीचं कार्ड, असा बेत आहे. सात जर्सींची सही केलेली कार्डं झाली. पिट्सबर्ग नाही. तिथे तो मार्च २००० मध्ये आला, साखळीतले फक्त ७ सामने खेळला, मग ते प्लेऑफ, आणि जुलैत कोलंबसशी करार करून मोकळा. कार्डं छापणारे आदल्या मोसमाचे फोटो वापरतात, त्यामुळे जो चार महिनेच टिकतो तो छपाईच्या फटीत पडतो. पिट्सबर्गच्या जर्सीतलं सही केलेलं कार्ड मी अजून हातात धरलेलं नाही.

तर कोलंबसचं कार्ड, ज्याच्या पाठीमागच्या तक्त्यात पिट्सबर्गची ओळ आहे, ते त्या खणात चालेल का? की फसवणूक होईल? बायको म्हणते, कोणाची फसवणूक, बघतं कोण.

---

खडकीकर

धनराजच्या आशेनेच आलो होतो. खडकीचा आहे, आमच्याकडे हॉकी म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. पण वाचत गेलो राव. ७० अडवून हरला म्हणजे काय! मला तर वाटलं टायपो आहे, १७ असेल.

---

गोठलेला_गोंद्या

@खडकीकर, टायपो नाही. आणि गंमत पुढेच आहे, मुद्दाम मागे ठेवली होती. त्याने ७० दोनदा केले आहेत.

पहिल्यांदा २१ मार्च १९९१, बॉस्टन गार्डन. क्युबेक त्या वेळी लीगमधला सगळ्यात टाकाऊ संघ. त्याच्या आदल्या मोसमात ८० पैकी १२ सामने जिंकलेले, ६१ हरलेले. बॉस्टनने ७३ शॉट मारले. त्यांच्या एकट्या रे बोर्कने १९. टगनट २३ वर्षांचा पोरगा, ७० अडवले, सामना ३-३ बरोबरीत. तेव्हा साखळीत पाच मिनिटांचा ओव्हरटाइम आणि मग बरोबरी, शूटआउट वगैरे २००५ नंतरचं. शेवटच्या सेकंदांत बोर्कचा शॉट हातमोज्यात धरला. शिट्टी झाल्यावर बॉस्टनचे खेळाडू, स्वतः बोर्कसुद्धा, त्याच्याकडे स्केटिंग करत आले आणि पाठ थोपटली. परक्या गावात प्रेक्षक उभे राहिले. साखळी सामन्यात याहून जास्त अडवणारा एकच, शिकागोचा सॅम लोप्रेस्ती, १९४१ मध्ये ८०. समोर तेव्हाही बॉस्टनच.

म्हणजे एकदा ७० अडवून बरोबरी, एकदा ७० अडवून हार. त्यामुळे कार्डावर सहीखाली ‘७०’ लिहिलेलं असलं की मी विचारतो, कुठला ७०? बोस्टनवाला सगळ्यांना माहीत असतो. माझ्यासाठी मात्र दुसरा, कारण मी झोपलो होतो.

---

मिसिसागाची_मावशी

गोंद्या, लिहिलंयस छान. पण घरच्यांची बाजू कोण मांडणार? आमच्याकडे ह्यांचे अकरा खोके आहेत. फर्नेसच्या (घर तापवायच्या भट्टीच्या) खोलीत. फर्नेसवाला दुरुस्तीला आला तर आधी गेरेट्झ, मग ग्रेट्झ्की, मग फर्नेस. लोणच्याच्या बरण्या मी कुठे ठेवायच्या सांग.

---

गोठलेला_गोंद्या

मावशी, फर्नेसच्या खोलीत कार्डं ठेवू नका असं काकांना निरोप द्या. उष्णता आणि कोरडी हवा, दोन्हींनी कार्ड कमानीसारखं वाकतं. लोणचं तिथे ठेवा, कार्डं कपाटात. दोघांचं भलं. आणि गेरेट्झ कोण?

---

मिसिसागाची_मावशी

मला काय माहीत. आहे कोणीतरी मिशीवाला.

---

शाईपेन

फाउंटन पेनच्या धाग्यावरून इकडे आलो, माझा प्रश्न शाईचा. चकचकीत कार्डावर सही टिकते कशी? माझ्या अनुभवात गुळगुळीत कागदावर शाईचे थेंब होतात.

---

गोठलेला_गोंद्या

@शाईपेन, वा, कामाचा प्रश्न.

होतातच. १९९० च्या सुमाराचं ओ-पी-ची साध्या पुठ्ठ्याचं, शाई पिऊन घेतं. (कंपनी कॅनडातल्याच लंडन गावची, मूळ धंदा च्युइंग गमचा.) पण १९९०-९१ ला अप्पर डेक ही कार्डांची कंपनी हॉकीत उतरली, पाठीवर होलोग्राम, पुढे काचेसारखी चकाकी. त्यावर शार्पी (पक्क्या शाईचं मार्कर पेन) चालवली की रेघ तुटते, बारीक दाणे उभे राहतात, जसं तापलेल्या तव्यावर पाणी. उपाय असा: सहीच्या जागेवर मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवायचं, किंवा बोटाच्या टोकावर टाल्कम पावडर घेऊन पुसायची. वरची तेलकटी निघते. जोर केला तर चकाकी जाते आणि प्रकाशात तिरपं धरलं की ढग दिसतो. माझं एडमंटनचं कार्ड असंच बाद झालं, दुसरं शोधावं लागलं.

शार्पी निळी घ्यावी. काळी गडद जर्सीवर बुडते, आणि जुनी झाली की तिला तांबूस-जांभळी झाक येते. ती झाक मला आवडते, वय कळतं. बाजारवाल्यांना आवडत नाही. उन्हात ठेवलं तर कुठलीच टिकत नाही. फ्रेम करून हॉलमध्ये खिडकीसमोर लावलेल्या सहीचं दोन उन्हाळ्यांत भूत झालेलं पाहिलंय.

---

कंजूष_काका

मुद्द्याचं बोला. भाव काय येतो?

---

गोठलेला_गोंद्या

काका, सही नसलेलं कार्ड बहुतेक वेळा फुकटात. नव्वदच्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी छापली की अजून बंद खोके पडून आहेत. लोकांनी पोरांच्या कॉलेजच्या खर्चासाठी साठवली होती, आता त्यातून एक पुस्तकही येत नाही. टगनटची सही असेल तर साधारण एका पिझ्झाचे पैसे. ग्रेट्झ्की, पॅट्रिक रॉय अशा महारथींचं गणित वेगळं, तिथे मी जात नाही.

---

कंजूष_काका

म्हणजे तोट्याचा धंदा. ठीक. चालू द्या.

---

नागपुरी_संत्रं

काका, प्रत्येक धाग्यावर दुकान उघडायलाच पाहिजे काय?

गोंद्याभाऊ, मस्त. मला चंद्रकांत पंडित आठवले. किरण मोरे समोर असताना ५ कसोट्या मिळाल्या बिचाऱ्यांना. मुंबईहून मध्य प्रदेशला गेले, खेळले. अन् मग कोच म्हणून आमच्या विदर्भाला २०१७-१८ अन् २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी देऊन गेले, नंतर २०२२ ला मध्य प्रदेशला. राखीव कीपरचं डोकं बसून बसून तयार होते बहुतेक. तुमचा माणूस पण कोणाच्या सावलीत होता काय?

---

गोठलेला_गोंद्या

@नागपुरी_संत्रं, पंडितांचं उदाहरण चपखल. मॉन्ट्रियलला तर थेट पॅट्रिक रॉयच्या सावलीत. त्याहून मोठी सावली त्या काळी नव्हती. १९९४ च्या प्लेऑफमध्ये रॉयला अपेंडिक्सचा त्रास झाला, दवाखान्यात. बॉस्टनविरुद्ध टगनटला उतरवलं. आली ना संधी! हरला. पुढच्या सामन्याला रॉय दवाखान्यातून उठून परत गोलमध्ये. संपलं.

पण एक मोसम त्याचाही आला. ऑटावात १९९८-९९. सामन्यामागे सरासरी १.७९ गोल खाल्ले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामनाही खेळला. त्या वर्षाचं कार्ड मी खणाच्या वरच्या ओळीत ठेवलंय, क्रम मोडून.

---

खडकीकर

लहानपणी बिग फन च्युइंग गमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, आठवतंय का कोणाला? त्यावर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या, जमवून देऊन वस्तू मिळायची. आमच्या आळीत एकाने कार्डावर स्वतःच सुनील गावसकरची सही ठोकली होती आणि चार गोट्यांना विकली. घेणारा मी. सही मराठीत होती आणि ‘गावस्कर’ लिहिलं होतं.

---

गोठलेला_गोंद्या

हसून हसून पुरेवाट. @खडकीकर, मी त्याहून महाग शिकलो. पहिलं ‘सही केलेलं’ कार्ड एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं, १५ डॉलर. घरी आलं, दिमाखात भिंगाखाली धरलं आणि सहीत ठिपके. बारीक, ओळीने, रंगीत. म्हणजे सही छापलेली! कंपन्या कित्येक संचांत खेळाडूची सही फोटोबरोबरच छापतात, शोभेला. खरी शाई कार्डाच्या वर बसते, तिरपं धरलं की तिची वेगळी चमक दिसते, रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे गडद होते. छापलेली फोटोच्या आतच असते.

दुसरी ठेच नकली सहीची. नक्कल करणारा हळू लिहितो, म्हणून सुरुवातीला आणि वळणावर शाईचा ठिपका साचतो. हजारो सह्या केलेला खेळाडू भर्रकन जातो, शेवटी रेघ उडते. आता मी घाईची सही बघितली की खूश होतो.

सगळ्यात निश्चिंत मार्ग म्हणजे कंपनीने स्वतः करून घेतलेली सही. १९९४-९५ ला ‘बी अ प्लेअर’ नावाचा संच आला, त्यात प्रत्येक पाकिटात एक खरी सही.  प्रत्येक पाकिटात सही द्यायची तर नुसते ग्रेट्झ्की कुठून आणणार? म्हणून अशा संचांत दुय्यम-तिय्यम खेळाडूंचे सुगीचे दिवस. नंतर इन द गेमवाल्यांनी ‘बिट्वीन द पाइप्स’ म्हणून निव्वळ गोलींचा संच काढला. मिसिसागाच्या इंटरनॅशनल सेंटरमधल्या एक्स्पोत, म्हणजे कार्डांच्या जत्रेत, अशा कार्डांच्या ढिगात मी दुपारी घालवल्यात, खाली गुडघ्यांवर, गोलीसारखाच.

---

शाईपेन

कार्डावर थेट सही आणि स्टिकरवर करून मग कार्डाला चिकटवलेली सही, यात तुम्ही कुठल्या बाजूचे?

---

गोठलेला_गोंद्या

थेट. स्टिकरवरची म्हणजे लग्नाला स्वतः न जाता आहेर पाठवणं. खेळाडूने कार्ड पाहिलेलंच नसतं.

---

नागपुरी_संत्रं

तुमच्या मूळ प्रश्नाचं मग उत्तर मिळालंच की. कोलंबसचं कार्ड पिट्सबर्गच्या खणात म्हणजे आहेरच झाला.

---

गोठलेला_गोंद्या

...धरलंत हो. बरोबर आहे. नाही टाकत.

---

मिसिसागाची_मावशी

ह्यांना धागा दाखवला. ह्यांचं म्हणणं, सूटकेस म्हणून एक गोली होता, गॅरी स्मिथ, इतके संघ बदलले की टोपणनावच ते पडलं. तो का नाही जमवत? (खोके कपाटात हलवलेत. लोणचं फर्नेसपाशी. मी खूश.)

---

गोठलेला_गोंद्या

काकांना नमस्कार सांगा. गॅरी स्मिथ थोरच. पण तो खेळायचा तेव्हा मी चड्डी सांभाळत होतो. टगनटचा सामना चालू असताना मी झोपलो, ते देणं फेडायचंय.

---

तीन_नद्या

बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज लॉगिन करावंच लागलं.

मी २००० साली पिट्सबर्गला मास्टर्स करत होतो. त्या सामन्याला होतो. लॅबमधल्या मित्राकडे जादाचं तिकीट होतं. मला हॉकी शून्य कळत होती, थंडी मात्र पुरेपूर वाजत होती. मीही पूर्ण नाही पाहिला. तिसऱ्या ओव्हरटाइमनंतर उठलो, दुसऱ्या दिवशी पेपर तपासून द्यायचे होते. आठवतं ते इतकंच की आमची बाजू गोलीच्या मागे होती, आणि डाव थांबला की तो बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचा, प्यायचा कमी. मास्क वर सरकवून, जाळीला पाठ टेकून. खांदे खालीवर होताना दिसायचे. नाव तेव्हा माहीत नव्हतं, आज तुमच्या धाग्यावर कळलं.

तिकीट टाकलेलं नाही. मी काहीच टाकत नाही. कोथरूडला आईकडे माझी एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात असावं.

---

गोठलेला_गोंद्या

तीन नद्या साहेब, मी खुर्चीतून उठून उभा राहिलोय.

कार्ड नाही तर नाही. त्या रात्रीचं तिकीट, त्यावर सही. विकाल का असं विचारणार नाही, बघायला मिळेल का?

---

खडकीकर

धागा कुठून कुठे गेला राव. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तीन_नद्या

आईला फोन केला. तिचे पहिले शब्द: “ती पेटी गणपतीच्या आधी आवरायचीच होती.” भाचा तिथे होता, त्याने उघडून फोटो पाठवला.

तिकीट आहे. पण छपाई उडालीय. ते उष्णतेने छापायचे ना, एटीएमच्या पावतीसारखं, ते सगळं पांढरं पडलंय. तारीख नाही, संघांची नावं नाहीत. रांग आणि सीट नंबर तेवढा पुसट दिसतोय, दुमडून राहिलं होतं त्या आतल्या भागात. आता ते कुठल्याही सामन्याचं असू शकतं. सॉरी.

---

कंजूष_काका

म्हणजे किंमत शून्य.

---

गोठलेला_गोंद्या

काका, बरोबर. @तीन_नद्या, मला ते तसंच हवंय. रांग आणि सीट पुरे. एकच विनंती, पोस्टाने मुळीच पाठवू नका, आणि भाच्याला सांगा की प्लास्टिकच्या पिशवीत घालू नको, साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेव, उन्हापासून लांब. लॅमिनेशन तर चुकूनही नको, गरम रोलरखाली गेलं की अख्खं काळं होईल.

दिवाळीत मी पुण्याला येतोय. तुमची हरकत नसेल तर आईंकडे येऊन बघतो. पुढचं मग ठरवू, सही मिळवायची की नाही ते पण. थर्मल कागदावर शार्पी कशी वागते कोण जाणे, आधी जुन्या पावत्यांवर करून बघावं लागेल.

---

शाईपेन

पावत्यांवर प्रयोग मी करतो. चार प्रकारच्या शाया आहेत घरात. आठवडाभरात फोटो टाकतो.

---

तीन_नद्या

आई म्हणते जेवायलाच या. आणि विचारतेय, पाहुणा पुरणपोळी खातो का.

---

गोठलेला_गोंद्या

खातो. टॉपलोडर (कार्ड ठेवायचं कडक पारदर्शक पाकीट) घेऊन येतो.